पतसंस्था जास्त व्याज देतेय, ग्रामपंचायतीची एफडी तिथे करावी का?

ताई, सरळ सांगतो, नका करू. तुम्ही लिहिलंय की घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं धरून स्वनिधीचे नऊएक लाख बचत खात्यात पडून आहेत आणि गावातली पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त द्यायला तयार आहे, चेअरमनही घरोब्याचे. असू देत. पण पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (बँकेतल्या ठेवींचा विमा देणारं रिझर्व्ह बँकेचं महामंडळ) विमा नसतो, संस्था बुडाली की हातात उरते फक्त पावती. आणि ऑडिटला आक्षेप निघाला की चेअरमन येत नाहीत उत्तर द्यायला, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचे ग्रामसेवक) समोर असतात, वसुली लागली तर तीही तुमच्यावरच.

आता बँकेत ठेवलं की सुटलो असंही नाही हं. विमा 5 लाखांपर्यंतच, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदाराला. बरेच जण एकाच बँकेच्या दोन शाखांत साडेचार-साडेचार लाख टाकतात आणि वाटून ठेवलं म्हणून निवांत होतात, पण ते सगळं एकत्रच धरलं जातं कारण ठेवीदार एकच, तुमची ग्रामपंचायत. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 ला निर्बंध आले, लायसन्स रद्द झालं 2022 ला, मधली सगळी वर्षं ठेवीदार लटकलेले. ठेव विम्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम 90 दिवसांत द्यायची तरतूद झाली, पण 5 लाखांच्या वरच्या पैशाचं दुखणं तसंच आहे.

आणि हे फक्त सहकारी बँकांचं नाही. मार्च 2020 ला येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेचे जवळपास हजार कोटी तिथे होते, एवढी मोठी महापालिका. निर्बंध दोनेक आठवड्यांत उठले म्हणून निभावलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने आपल्या कार्यालयांना खाती राष्ट्रीयकृत बँकांत न्यायला सांगितलं. तुम्हीही तिकडेच जा, दुसऱ्या बँकांपेक्षा अर्धा टक्का कमी मिळाला तर मिळू दे.

वित्त आयोगाच्या पैशाला मात्र हात लावू नका, तो खर्चायला आलेला असतो, एफडीत अडकवायला नाही. एफडी फक्त स्वनिधीची. आधी मासिक सभेत ठराव घ्या, त्यात बँक, रक्कम, मुदत सगळं लिहा, नुसतं "गुंतवणूक करावी" असं मोघम नको. पावती ग्रामपंचायतीच्याच नावाची, कुणा पदाधिकाऱ्याच्या नाही, व्याजही ग्रामपंचायतीच्याच खात्यात. नोंद नमुना 25 ला, म्हणजे गुंतवणुकीच्या नोंदवहीत, पैसे निघाल्याची नोंद नमुना 5 च्या रोकडवहीत. हे नमुना 25 बऱ्याच ठिकाणी कोरंच असतं, ऑडिटर पहिलं तेच उघडतो! आणि 31 मार्चला बँकेकडून शिल्लकीचा दाखला स्वतः मागवा, कपाटातल्या पावतीवर विसंबू नका, खोट्या पावत्यांची प्रकरणं कमी नाहीत.

नऊच्या नऊ लाख गुंतवू नका. दोन-तीन महिन्यांचे पगार, लाईटबिल भागेल एवढं बचत खात्यात राहू द्या, बाकीच्या दोन-दोन लाखांच्या पावत्या करा, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची मोटार जळाली तर एकच मोडावी लागेल. आणि चेअरमनना नाही म्हणायला जड जात असेल तर सांगा की बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांकडे लेखी मार्गदर्शन मागितलंय, परत विषय काढणार नाहीत.