जपानी हातपंख्यांवरच्या जुन्या छापाचित्रांत उन्हाळ्यातही शरदातली फुलं का असतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पंखा उन्हाळ्यात विकला जायचा, मग त्यावर शरदातली गवतं-फुलं का? आणि ही चित्रं पंख्यावर नसून सुट्ट्या कागदावरच का सापडतात? मी स्वतः लाकडी ठसे कोरून छापते, त्यामुळे हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी दुसऱ्याचं उत्तर देते. हा पंखा म्हणजे उचिवा. तो मिटत नाही, आपल्या विंझण्यासारखाच. बांबूच्या एकाच तुकड्याचा वरचा भाग चिरून कामट्या काढतात (चिबाकडच्या बोशू उचिवात ४८ ते ६४), त्या दोऱ्यात ओवून फाकवतात आणि दोन्ही बाजूंनी कागद चिकटवतात. एकोणिसाव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हिरोशिगे, कुनिसादा, कुनियोशी हे नावाजलेले चित्रकार त्या कागदासाठी चित्रं काढत. एकट्या हिरोशिगेची शेकडो आहेत. पण पंखा वापरून फाटला की गेला. आज उरलेत ते बहुतेक कामट्यांवर कधी न चढलेले कागद: विकले न गेलेले, नाहीतर नमुन्यांच्या वहीत राहिलेले.

आता शरदाचं. जपानी पंचांगात शरद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर लगेच लागतो, ऐन काहिलीत. शरदाच्या सात वनस्पतींची यादी आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात आहे. त्यातलं सुसुकीचं तुरेदार गवत किंवा किक्योचं जांभळं फूल दिसलं, की एदोच्या माणसाला पुढचा गार वारा आठवे. वारा घालणाऱ्या वस्तूवर वाऱ्याने वाकलेलं गवत! मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते.

रंगही गारव्याचाच. १८२९ च्या सुमारास केइसाई एइसेन या चित्रकाराने परदेशातून आलेल्या प्रशियन निळ्या रंगात पंख्यांसाठी चित्रं काढली आणि त्या निळ्याचं वेड पसरलं. गडद निळा हळूहळू विरत पांढरा होतो, त्याला बोकाशी म्हणतात. ओलसर ठशावर ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घेऊन तो फिरवायचा, आणि प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा नव्याने. पाणी थेंबभर जास्त झालं तरी तिथे डाग पडतो.

संग्रहालयाच्या साइटवर असं चित्र मोठं करून बघा. मुठीपासून वर फाकत गेलेल्या बारीक वळ्या कागदावर दिसल्या, तर तो खरोखर कामट्यांवर चढला होता.