वाचकांचे प्रश्न : भाषाविज्ञानात एम.ए. करताना

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि यंदा मराठी विषय घेऊन बी.ए. पूर्ण होईल. भाषाविज्ञानाचा पेपर आवडल्यामुळे मराठीऐवजी सामान्य भाषाविज्ञानात एम.ए. करावे, असे मनात आहे. संस्कृत येत नाही आणि इंग्रजी बेताचे आहे. हा विषय मला झेपेल का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : संस्कृतची चिंता सोडा. ऐतिहासिक भाषाविज्ञानात त्याचा उपयोग होतो, पण या अभ्यासक्रमाची ती पूर्वअट नाही. इंग्रजीचे मात्र मनावर घ्या, कारण वाचायचे बहुतेक साहित्य त्याच भाषेत आहे.

बी.ए.च्या पेपरात भाषाविज्ञानाने मराठीची ओळख करून दिली, एम.ए.ला कोणतीही एक भाषा हा विषयच नसतो. कधी नावही न ऐकलेल्या भाषेची वीस-पंचवीस वाक्ये अर्थासह समोर ठेवून त्या भाषेत अनेकवचन कसे होते, हे शोधायला सांगितले जाते, आणि उत्तराइतकेच ते कसे काढले याला महत्त्व असते. स्वनविज्ञानात, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासात, लिपी विसरून कानावर विश्वास ठेवावा लागतो : ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च आपण एकाच अक्षराने लिहितो, उच्चार मात्र दोन आहेत. पुढे स्वनिमविज्ञान (भाषेतील ध्वनींची व्यवस्था), रूपविज्ञान (शब्दांची घडण), वाक्यविज्ञान, अर्थविज्ञान आणि समाजभाषाविज्ञान येतात. वाक्यविज्ञानात अनेकांची दमछाक होते, कारण व्याकरण पाठ असणे तिथे फारसे कामाला येत नाही.

तुमच्या घरची तेलुगू ही तुमची जमेची बाजू आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा आहे, हिंदीला मात्र एका ‘हम’वर भागवावे लागते. मराठीत हा भेद तेलुगू, कन्नड यांसारख्या द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला, असे अनेक अभ्यासक मानतात. पण असाच भेद गुजरातीत आहे आणि आजच्या प्रमाण कन्नडात, म्हणजे अक्कलकोटपलीकडच्या शेजाऱ्यांकडे, ‘नावु’ हे एकच रूप आहे. तेव्हा केवळ आजच्या नकाशाकडे बोट दाखवून हे स्पष्टीकरण पुरे होत नाही. असा प्रश्न तुम्हाला रात्री जागवणार असेल, तर हा विषय तुमचा आहे. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधील मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला. शब्द वेगळे राहूनही या भाषांची वाक्यरचना तिथे एकमेकींच्या फार जवळ आली, हे त्यांनी दाखवले. याच चार भाषा तुमच्या शहरातही नांदतात, त्यामुळे प्रबंधिकेसाठी विषय शोधत दूर जाण्याची गरज मला तरी दिसत नाही.

या विषयाचे स्वतंत्र विभाग मोजकेच आहेत. पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांतली जुनी आणि भक्कम परंपरेची जागा. याशिवाय मुंबई विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ यांचाही विचार करा. घरातून हैदराबादची ओढ असेल, तर तेलुगूच्या अभ्यासासाठी ते सोयीचेच ठरेल. अर्ज करण्यापूर्वी डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर ऐका आणि एखाद्या मुद्रणातली दहा वाक्ये जशी कानावर पडतात तशी उतरवून पाहा. कंटाळा येतो की गोडी लागते, हे तेवढ्यात कळेल.

प्रश्न : मुलाने भाषाविज्ञानात एम.ए. केले, तर नोकरी मिळेल का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : केवळ प्राध्यापकीवर डोळा असेल, तर जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. कोशकार्य, भाषांतर, लुप्त होत चाललेल्या भाषांचे दस्तऐवजीकरण आणि संगणकावरील वाणी व मजकूर यांसंबंधीचे काम, ही अन्य क्षेत्रे आहेत. शेवटच्या क्षेत्रात मराठी जाणणाऱ्या भाषावैज्ञानिकाला वाव आहे, मात्र त्याने थोडेफार प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र एम.ए. करतानाच शिकून घ्यावे. नंतर शिकू म्हणणाऱ्यांचे सहसा राहूनच जाते. अध्यापनाकडे जायचे असल्यास यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला एम.ए.मध्ये 55 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 50 टक्के गुण लागतात, आणि अंतिम वर्षात असतानाही परीक्षेला बसता येते.