पहाटे साडेपाचची चाहूल

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. मी श्रीरामपूरकडची निवृत्त शिक्षिका असून माझे वय ६१ आहे. गेल्या पावसाळ्यात माझे यजमान प्रभूमध्ये झोपी गेले. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी, पहाटे साडेपाचला मी ओट्यापाशी चहा करत असताना मागच्या दाराची कडी वाजली, त्यांचे नेहमीचे खाकरणे ऐकू आले आणि ते माझ्या पाठीमागे चौकटीत उभे आहेत याची इतकी खात्री वाटली, की मागे न वळताच मी दुसरा कप काढला. वळून पाहिले तर कोणी नव्हते आणि कडी लावलेलीच होती. भीती वाटली नाही. उलट त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तसेच झाले. आमचे पाळक म्हणाले, मेलेले परत येत नाहीत, हा सैतानाचा भुलावा आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, डॉक्टरांना दाखवू. जाऊबाई म्हणतात, तो देवदूत होता. त्यांच्या ओळखीच्या एक बाई प्रार्थनेत ‘पलीकडचे निरोप’ सांगतात, त्यांच्याकडे जाऊ या. मी आता रोज साडेपाचला ओट्यापाशी थांबते, पण पुन्हा काही झालेले नाही. ख्रिस्ती म्हणून मी याचा अर्थ काय लावावा?
— एक वाचक भगिनी

उत्तर : भगिनी, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अखेरीस, जवळजवळ जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे मी येणार आहेच. पण तिघांनी तीन निदाने तुमच्या पदरात टाकली आहेत, त्यांचा विचार आधी केला पाहिजे. निदान सांगण्याची घाई काय करते ते मला ठाऊक आहे. सेवेच्या पहिल्या वर्षांत एका वयस्कर शेतकऱ्याने मला असाच एक अनुभव सांगितला होता आणि मी दोन वचने ऐकवून तो तिथल्या तिथे निकालात काढला. त्यांनी मान डोलावली, सलाम केला आणि पुढे जिवंत असेपर्यंत मनातले काही मला सांगितले नाही.

तुमच्या मुलाचे म्हणणे धुडकावू नका, मात्र त्याने धसकाही घेऊ नये. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी आपल्या भागातील २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याची जाणीव, आवाज किंवा दर्शन असे काही ना काही अनुभवाला आले होते. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता आणि बहुतेकांनी ते आधी कोणालाही सांगितले नव्हते. ही माणसे वेडी नव्हती. आयुष्यभर रोज पहाटे जो कान एका कडीचा आवाज ऐकत आला, तो कान माणूस गेल्यावर चार महिन्यांत गप्प बसेल, अशी अपेक्षा तरी का करावी? असे म्हटल्याने अनुभव हलका पडतो, असेही मला वाटत नाही. आपल्या स्मरणशक्तीतून सांत्वन पाठवणे देवाला अशक्य आहे, असे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलेले नाही. मात्र झोप-जेवण पुन्हा सुटले, आवाज आज्ञा देऊ लागला किंवा ‘त्यांच्यामागे जावे’ असे मनात येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडल्याचा काही प्रश्न नाही.

तुमच्या पाळकांनी ज्या वचनांच्या आधारे इशारा दिला असेल, ती खरीच आहेत. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मृतांना विचारणे मना केले आहे आणि पहिल्या शमुवेलाच्या २८ व्या अध्यायात शौल राजा वेष पालटून, रात्रीच्या वेळी एन-दोरच्या बाईकडे जातो तो प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. पण त्या प्रसंगात शौल काय करत होता आणि तुम्ही काय करत होता, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. तो मेलेल्याला वर बोलावून घ्यायला निघाला होता. तुम्ही चहा करत होता. तुम्ही कोणाला हाक मारली नव्हती, काही विचारले नव्हते. म्हणून पाळकांचा इशारा तुमच्या पहाटेला नव्हे, जाऊबाईंच्या सूचनेला बरोबर लागू पडतो. त्या ‘निरोप’ सांगणाऱ्या बाईंकडे जाऊ नका. बाई लबाडच असतील असे मी म्हणत नाही. पण जिथे शब्द नव्हते तिथे त्या शब्द घालतील, आणि मग तुमच्या यजमानांच्या तोंडी दुसऱ्याचीच वाक्ये आयुष्यभर तुमच्या कानात राहतील. देवदूताबद्दल इतकेच, की शास्त्रातले देवदूत बहुधा काही निरोप किंवा काम घेऊन येतात. तुमच्याकडे निरोप आलेला नाही, तर तो आपण तयार करू नये.

आता अर्थाचा प्रश्न. प्रेषित पौल थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहिताना आत्म्याला विझवू नका असे म्हणतो आणि लगेच पुढे, ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा’ असे सांगतो. पारख म्हणजे काय, याचे मला माहीत असलेले सर्वांत उघडे उदाहरण आपल्या परंपरेतले नाही, इग्नाती लोयोला या कॅथलिक संताचे आहे; पण चांगले ते उसने घ्यायला हरकत नसावी. १५२१ मध्ये स्पेनमधील पॅम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला हा सैनिक पुढच्या वर्षी मानरेसा गावी प्रार्थनेत दिवस काढत होता. तिथे त्याला भर दिवसा हवेत एक अतिशय सुंदर आकृती दिसे, सापासारखी, डोळ्यांसारख्या अनेक चकाकत्या ठिपक्यांची. ती दिसली की त्याला फार आनंद होई आणि नाहीशी झाली की तो खट्टू होई. नंतर कार्डोनेर नदीकाठी त्याला अंतःकरणाचा मोठा प्रकाश लाभला आणि जवळच्या क्रूसासमोर तो गुडघे टेकून बसला असता तीच आकृती पुन्हा दिसली. या वेळी तिचे सौंदर्य ओसरलेले होते आणि ती वाईटाकडून आहे अशी त्याची खात्री झाली. पुढे ती आली की तो हातातल्या काठीने तिला हाकलून देत असे.

यात मला साप महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे, की आकृती सुखद असूनही इग्नातीने सुखाला पुरावा मानले नाही; ती गेल्यावर आपल्या मनाचे काय होते, याकडे त्याने लक्ष दिले. आता तुम्ही अखेरीस लिहिलेले, ते रोजचे थांबणे घ्या. पहिल्या पहाटेनंतर तुम्हाला झोप लागली, भय वाटले नाही. हे फळ चांगले आहे आणि ते देवाच्या हातून आले असे म्हणून त्याचे आभार मानायला तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही, मग ते येण्याची वाट कोणतीही असो. पण त्यानंतर रोज साडेपाचला तुम्ही थांबू लागलात. ज्याने तुम्हाला मोकळे केले त्याचीच दावण होऊ पाहते आहे, आणि रोज ‘आजही नाही’ म्हणत उठणे हे दुसऱ्यांदा विधवा होण्यासारखे आहे. त्या दोन पहाटा सोडू नका. ते थांबणे मात्र सोडा.

न उलगडलेली गोष्ट न उलगडलेलीच ठेवून तिच्यातून चालत जाता येते, हे दाखवायला आपल्या घरचेच माणूस आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना डब्यातल्या एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने निघताना नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा खरे वाटले नाही. पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 

आपल्या मंडळ्यांतून ही गोष्ट सांगताना आम्ही पाळकमंडळी भाकितावर भर देतो, कारण ते ऐकायला चमत्कारिक आहे. मला मात्र त्या दोन वर्षांचे मोल अधिक वाटते. टिळक त्या प्रवाशाचा शोध घेत स्टेशनांवर हिंडले नाहीत. ते दिलेल्या शब्दाप्रमाणे वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा त्यांना पुस्तक खाली ठेववेना. मग शंका, पत्रव्यवहार आणि आप्तांशी येणारा दुरावा, हे सगळे होतेच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा तर आणखी पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. गाडीतल्या त्या भेटीला जो अर्थ आला, तो असा हळूहळू, नंतरच्या वाचनातून आणि जगण्यातून आला. त्याच संध्याकाळी कोणी टिळकांना ‘याचा अर्थ काय?’ असे विचारले असते, तर त्यांना काय सांगता आले असते?

लूककृत शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूला भेटलेले दोघे शिष्य तुम्हाला आठवत असतील. भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखले आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. ते दोघे तो पुन्हा येईल म्हणून त्या मेजाशी बसून राहिले नाहीत. त्याच घटकेस उठून, दिवस मावळत आलेला असताना, यरुशलेमेला बाकीच्यांकडे परत गेले.

तेव्हा असे करून पाहा. त्या दोन्ही पहाटा तारखेसह वहीत लिहून ठेवा. कडी, खाकरणे, काढलेला कप, रात्रीची झोप, जे घडले तेवढेच, वर काही न घालता. तर्क नंतर बदलतात आणि आठवणही त्यांच्यामागून बदलत जाते, म्हणून हे आत्ताच करा. ती वही मुलाला वाचायला द्या. वडील गेल्याचे दुःख त्यालाही आहे आणि डॉक्टरांचे नाव काढण्याखेरीज ते बोलण्याची वाट त्याला सापडलेली दिसत नाही. पाळकांशी वाद घालू नका, त्या बाईंकडे जाणार नसल्याचे मात्र त्यांना आवर्जून सांगा. त्यांचा अर्धा घोर तिथेच जाईल. पहाटेचा चहा काही दिवस सहा वाजता करा, किंवा साडेपाचलाच करायचा तर शेजारपाजारच्या कोणाला तरी बोलावून करा. सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा आणि त्या दोन पहाटांखाली, तोवर तुमच्यात काय बदलले, ते लिहा. ते मला कळवलेत तर आनंद होईल. तुमचे ते पत्र छापायचे की नाही, ते तुम्ही म्हणाल तसे.