वाचकांचे प्रश्न : संप्रेरकांची नक्कल करणारी रसायने

प्रश्न : प्लास्टिकचे डबे, सुगंधी प्रसाधने, डबाबंद अन्न यांमधील काही रसायने संप्रेरकांच्या म्हणजेच हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, असे वारंवार वाचनात येते. इतक्या अत्यल्प प्रमाणातील रसायन पेशींचे नेमके काय बिघडवू शकते? आणि ज्या वस्तूंवर ‘बीपीए-मुक्त’ असे छापलेले असते, त्या निर्धास्तपणे वापराव्यात का? – एक वाचक

उत्तर : मात्रा कमी तर धोका कमी, हा हिशेब बहुतेक विषांना लागू पडतो, संप्रेरकांच्या बाबतीत मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्यांचे कामच मुळी अत्यल्प प्रमाणात चालते. इस्ट्रॅडिओल हे स्त्रीशरीरातील प्रमुख संप्रेरक एक मिलिलिटर रक्तात काही दशक ते काही शतक पिकोग्रॅम एवढेच असते, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पेशीतील ग्राही प्रथिन (रिसेप्टर) इस्ट्रॅडिओलच्या रेणूला पकडते, ही जोडी डीएनएवरील ठरावीक जागी जाऊन बसते, आणि त्यानुसार काही जनुके कार्यरत होतात तर काही थंडावतात. ग्राहीच्या पोकळीत बसू शकेल असा दुसरा रेणू आला, तर तो शरीरात तयार झाला की कारखान्यात, याची शहानिशा पेशी करत नाही.

ही गोष्ट किती ठळकपणे दिसू शकते, हे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांना 1980च्या दशकाच्या अखेरीस अनुभवाला आले. ते एमसीएफ-7 या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी वाढवत होते. या पेशींना इस्ट्रोजेन (इस्ट्रॅडिओल ज्यात मोडते तो स्त्री-संप्रेरकांचा गट) मिळाले की त्या झपाट्याने विभागतात, म्हणून पोषकद्रवातील रक्तद्रव कोळशाच्या प्रक्रियेने इस्ट्रोजेनमुक्त करून घेतलेले होते. तरीही एके काळी सर्वच बशांमधील पेशी, इस्ट्रोजेन घातलेल्या आणि न घातलेल्या, सारख्याच वेगाने वाढू लागल्या. बराच काळ एकेक साहित्य बदलून पाहिल्यावर दोष सापडला तो द्रव साठवण्याच्या प्लास्टिकच्या नळ्यांत. उत्पादकाने त्यांचे मिश्रण बदलले होते आणि त्यातून नोनिलफेनॉल हे इस्ट्रोजेनची नक्कल करणारे रसायन झिरपत होते. हा शोध 1991मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो या विषयातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण कोणीही ते रसायन शोधायला निघालेले नव्हते. पेशींनीच ते उघडकीस आणले.

अर्थात, बशीतील पेशी वाढल्या म्हणून माणसाला रोग होतोच, असा निष्कर्ष काढता येत नाही. काही कडक प्लास्टिकमध्ये आणि अन्नाच्या डब्यांच्या आतील लेपात वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, पेशीकेंद्रकातील इस्ट्रोजेनग्राहीला इस्ट्रॅडिओलच्या तुलनेत हजारो पटींनी सैल बिलगते, शिवाय पोटात गेलेल्या बीपीएचा बहुतांश भाग यकृत निष्क्रिय करते आणि तो काही तासांतच लघवीवाटे बाहेर पडतो. दुसऱ्या बाजूने, पेशीच्या आवरणावरील काही ग्राहींमार्फत तो याहून कितीतरी कमी मात्रेत संदेश सुरू करतो, असे प्रयोगशाळेत दिसते. नेमका कोणता परिणाम हानिकारक मानायचा, यावरच मतभेद आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023मध्ये उंदरांतील टीएच-17 या प्रतिकारपेशींच्या वाढीवर बोट ठेवून बीपीएची सुरक्षित दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.2 नॅनोग्रॅमवर आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने त्याच वर्षी हे अमान्य करून 200 नॅनोग्रॅम हा आकडा सुचवला. तज्ज्ञ संस्थांमध्येच हजारपट अंतर असताना कोणी छातीठोकपणे ‘पूर्ण सुरक्षित’ किंवा ‘घातक’ असे म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मात्रेइतकीच महत्त्वाची आहे ती वेळ. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून अनेक वर्षे गर्भवतींना दिले जात असे. 1971मध्ये असे उघड झाले, की त्यांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होत आहे. हे औषध होते आणि त्याची मात्राही मोठी होती, त्यामुळे डब्यातील प्लास्टिकशी त्याची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. परंतु गर्भातील पेशींची घडण चालू असताना मिळालेला संप्रेरकी संदेश पुढे अनेक वर्षांनी फळाला येऊ शकतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी आणि प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या फ्थॅलेट गटातील काही रसायने उंदरांच्या गर्भातील वृषणाच्या लायडिग पेशींमधील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटवतात. मानवी गर्भाच्या वृषण-ऊतींवरील प्रयोगांत तशी घट स्पष्टपणे दिसली नाही, मात्र जननपेशींमध्ये विकृती आढळल्या.

आता ‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्याविषयी. त्याचा अर्थ इतकाच, की ते एक रसायन त्यात नाही. त्याच्या जागी अनेकदा बिस्फेनॉल-एस किंवा बिस्फेनॉल-एफ वापरले जाते, आणि पेशींवरील चाचण्यांत त्यांची संप्रेरकी क्रिया बीपीएच्या जवळपासच भरते. म्हणून शिक्का पाहून प्लास्टिक निवडण्यापेक्षा गरम, तेलकट किंवा आंबट अन्नासाठी काच अथवा स्टील वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण उष्णतेने आणि स्निग्धतेने ही द्रव्ये अधिक झिरपतात. प्रसाधनांच्या बाबतीत घटकांच्या यादीतील नुसता ‘सुगंध’ हा शब्द पाहावा, कारण फ्थॅलेटचे नाव बहुधा त्याच्याआड असते.

हे बदल किती लवकर फळतात, याचे उत्तर कॅलिफोर्नियातील सलिनास येथे 100 किशोरवयीन मुलींवर झालेल्या, 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी 3 दिवस पॅराबेन (प्रसाधने टिकवण्यासाठी घातली जाणारी रसायने) व फ्थॅलेट नसलेली प्रसाधने वापरली, तेव्हा लघवीतील एका प्रमुख फ्थॅलेटच्या अवशेषाचे प्रमाण सुमारे 27 टक्क्यांनी आणि मिथाइल व प्रोपाइल पॅराबेनचे सुमारे 45 टक्क्यांनी घटले. आपल्या घरी कोणी गर्भवती असेल किंवा तान्हे मूल असेल, तर सुरुवात त्यांच्या वापरातील वस्तूंपासून करावी.