शिकागोत दोन दिवस आहेत. जुन्या इमारती पाहाव्यात का?

आपण विचारले आहे की, शिकागोसारख्या 'कालपरवाच्या' शहरात जुन्या इमारती पाहण्यात दोन दिवस घालवावेत का. जरूर घालवावेत, आणि सुरुवात मोनॅडनॉक या जुन्या कार्यालयीन इमारतीपासून करावी. वास्तूची किंमत केवळ वयावर ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

माझे मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आमच्याकडे आले असताना प्रत्येक इमारतीपुढे 'आपला वाडा याहून जुना' हे त्यांचे पालुपद चालू होते, म्हणून मी त्यांना मुद्दाम मोनॅडनॉकला नेले. बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांनी बांधलेला तिचा उत्तरेकडील अर्धा भाग 1891 चा; सोळा मजल्यांचा भार बाहेरच्या विटांच्या भिंतींवर असल्यामुळे त्या तळाशी सुमारे सहा फूट जाड आहेत. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. जांभळट तपकिरी भिंत खाली हलकेच आत वळते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते, तेवढ्यावर रूटने सारे सौंदर्य साधले आहे. दक्षिणेकडील 1893 चा भाग मात्र पोलादी सांगाड्यावर उभा आहे. बांधकामाचे एक युग संपून दुसरे सुरू झालेले असे एकाच इमारतीत दिसते. मामांनी दाराजवळ भिंतीची जाडी वितीने मोजली, पाया चिकणमातीत अपेक्षेपेक्षा जास्त खचल्याचे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाले, "तरी सव्वाशे वर्षांचीच ना?"

आमचा वाडा दोनशे वर्षांचा होता, पण तो बिल्डरला देण्याच्या कागदावर पहिली सही मामांचीच होती, आणि चौकातले सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेले. वयाचा अभिमान ज्याने वास्तू राखली त्यानेच सांगावा, हे मी त्यांना तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो.

अर्थात शिकागोनेही कमी पाडलेले नाही. पोलादी सांगाड्याचा पायंडा पाडणारी होम इन्शुरन्स इमारत 1931 मध्ये गेली, तर अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांचे स्टॉक एक्स्चेंज 1972 मध्ये. मोनॅडनॉकमध्ये आजही कार्यालये आहेत, त्यामुळे वरच्या मजल्यांवर परवानगीशिवाय जाऊ नये. जवळच 1888 ची रूकरी ही इमारत आहे. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने 1905 मध्ये नव्याने सजवलेला तिचा काचछताचा चौक चुकवू नये. दुसऱ्या दिवशी आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाला जावे. पाडलेल्या स्टॉक एक्स्चेंजची कमान तिथे बाहेर उभी आहे, आणि सोबत मामांसारखे कोणी असेल तर त्यांना ती सर्वांत आधी दाखवावी.