लायसन्स फाईल एनक्रिप्ट करण्यापेक्षा तिच्यावर सही करा

तुमचा प्रश्न मला असा समजला: डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर तुम्ही वार्षिक लायसन्सवर विकता, बऱ्याच ग्राहकांकडे त्या मशीनवर इंटरनेट नसतं, सध्याच्या पद्धतीचे खोटे सिरियल नंबर तयार करून देणारा छोटा प्रोग्राम (जनरेटर) कुणीतरी बनवून फिरवतंय, आणि आता लायसन्स फाईल व खुद्द प्रोग्राम दोन्ही एईएस-२५६ या पद्धतीने एनक्रिप्ट करावं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलावं, असं तुमच्या मनात आहे. एवढ्याने भागेल का?

नाही भागणार. एईएस कच्चं आहे म्हणून नव्हे. २००१ साली ते प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं आणि नीट वापरलं तर आजही भक्कम आहे. पण एनक्रिप्शनचं काम असतं दोघांमधली गोष्ट तिसऱ्यापासून लपवणं. तुमच्याकडे तिसरा नाहीच. ज्याला प्रोग्राम चालवू द्यायचाय आणि ज्याच्यापासून तो लपवायचाय, तो माणूस एकच आहे. प्रोग्राम त्याच्या मशीनवर चालायचा तर उलगडायची किल्लीही, म्हणजे तो गुप्त आकडा, त्याच मशीनवर, बहुतेक वेळा त्याच बायनरीत (प्रोग्रामच्या चालवायच्या फाईलमध्ये) असणार. म्हणजे कुलूप तुमचं, पण किल्ली त्याच्या घरात. मग किल्ली २५६ बिटांची असो की २५६० बिटांची, फरक शून्य.

डीव्हीडीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यावरच्या सीएसएस संरक्षणाची किल्ली फक्त ४० बिटांची होती हा दोष होताच, पण १९९९मध्ये ते फुटलं तेव्हा वाट मिळाली ती एका सॉफ्टवेअर प्लेयरमध्ये नीट न झाकलेल्या किल्लीतून. प्लेयर डिस्क उलगडू शकतो याचा अर्थच किल्ली त्याच्या पोटात आहे, आणि पोट फाडायची साधनं सगळ्यांकडे आहेत.

तुमच्या बेतातला दुसरा धोका त्याहून मोठा आहे. एईएसमध्ये बंद करायची आणि उघडायची किल्ली एकच. प्रोग्रामला लायसन्स वाचता यावं म्हणून ती किल्ली आत ठेवलीत, की ती काढून घेणारा माणूस नुसतं लायसन्स वाचत नाही, नवी लायसन्स बनवू शकतो. म्हणजे पुन्हा जनरेटर, फक्त जरा महागड्या गणिताचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होईल.

तुम्हाला लायसन्समधला मजकूर लपवायचाच नाहीये. ग्राहकाचं नाव, मुदतीची तारीख, कोणते मॉड्यूल घेतले, यात गुपित काय आहे? तुम्हाला हवंय ते हे, की हा मजकूर तुमच्याशिवाय कुणी तयार करू नये आणि त्यातला एक अंकही बदलू नये. यासाठी डिजिटल सही असते. खाजगी किल्लीने तुम्ही सही करता, ती तुमच्याकडेच राहते. प्रोग्राममध्ये फक्त सार्वजनिक किल्ली जाते, जिने सही तपासता येते पण करता येत नाही. ती कुणी बाहेर काढली तरी काढू दे. ईडी२५५१९ ही सहीची पद्धत वापरा: सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, सही ६४ बाइटची, आणि लिबसोडियम या मोफत लायब्ररीत सगळं तयार आहे. इंटरनेट नसलेल्या मशीनवरही तपासणी पूर्ण होते, त्यामुळे तुमची ती अडचणही इथेच सुटते.

स्वतःची सही-पद्धत मात्र लिहू नका. प्लेस्टेशन ३चं उदाहरण पाहा. सोनी त्यावरच्या सॉफ्टवेअरवर ईसीडीएसए पद्धतीने सही करत असे. त्या पद्धतीत प्रत्येक सहीला नवा यादृच्छिक आकडा लागतो. त्यांच्याकडे तो दर वेळी तोच होता. डिसेंबर २०१०मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं की अशा दोन सह्या हातात आल्या की शाळेतली दोन समीकरणं सोडवावीत तशी खाजगी किल्ली निघते. ईडी२५५१९मध्ये तो आकडा मजकूर आणि किल्लीवरूनच ठरतो, त्यामुळे ही चूक करायला जागाच राहत नाही. ते सुचवण्यामागचं माझं मुख्य कारण हेच.

अंमलबजावणीत लोक जिथे अडखळतात ती जागा फाईलच्या रचनेत असते. जेसनचा (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेला) मजकूर वाचायचा, त्याचं ऑब्जेक्ट बनवायचं, मग ते पुन्हा मजकुरात बदलून सही तपासायची, असं कित्येक जण करतात. एखाद्या लायब्ररीने क्रम बदलला किंवा एक जागा कमी सोडली, की खऱ्या ग्राहकाचं लायसन्स नाकारलं जातं. सही बाइटवर करा. फाईलमध्ये मजकूर बेस६४ करून (बाइट साध्या अक्षरांत लिहून) ठेवा, त्यापुढे एक टिंब, त्यापुढे सही. आधी त्या बाइटची सही तपासायची आणि ती खरी ठरली तरच आतला मजकूर उलगडायचा. मजकुरात किल्लीचा क्रमांकही घाला, आणि पहिल्या आवृत्तीपासूनच प्रोग्राममध्ये दोन सार्वजनिक किल्ल्या ठेवा: एक चालू, एक राखीव. उद्या चालू किल्ली फुटली तर राखीव किल्लीने लायसन्स देणं त्याच दिवशी सुरू करता येतं. खाजगी किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर किंवा कोडच्या रिपॉझिटरीत नको. ती नेटवर्कबाहेरच्या मशीनवर किंवा किल्ल्यांसाठीच्या हार्डवेअर मॉड्यूलमध्ये राहू द्या.

आता सही काय थांबवत नाही, तेही स्पष्ट सांगतो, कारण विकणारे ते सांगत नाहीत. जनरेटर बंद होतो, पॅच (प्रोग्रामच्या फाईलमध्येच केलेला फेरफार) बंद होत नाही. क्रॅक करणारा माणूस तुमच्या सहीच्या वाटेलाच जात नाही. तो गिड्रा हे बायनरी उलगडून वाचायचं साधन उघडतो, जे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९मध्ये सगळ्यांसाठी मोफत केलं. त्यात ‘लायसन्सची मुदत संपली’ हा तुमचाच संदेश शोधतो, तो कुठून वापरला जातो तिथे उडी मारतो, आणि त्याच्या जरा वर त्याला एक तुलना आणि एक सशर्त उडी दिसते. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘समान असेल तर उडी मार’ या छोट्या सूचनेचा बाइट सोळा-आधारी ७४ असतो आणि ‘समान नसेल तर’चा ७५. त्याने ७४च्या जागी ७५ लिहिलं की खोटं लायसन्स खरं ठरतं. एक बाइट. तुमची सारी क्रिप्टोग्राफी शाबूत आहे, फक्त तिचं उत्तर आता कुणी ऐकत नाही. किंवा तो तुमची ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली पुसून तिथे स्वतःची ठेवतो आणि स्वतःच लायसन्स वाटत बसतो.

पूर्ण बायनरी एनक्रिप्ट करणारे पॅकर इथे किती उपयोगी? थोडे. चालण्यासाठी प्रोग्रामला मेमरीत उलगडावंच लागतं आणि तिथून तो जसाच्या तसा उतरवून घेता येतो. वर, पॅक केलेली बायनरी पाहिली की अँटिव्हायरस संशय घेतात, आणि तक्रार तुमच्याकडे येते ती पैसे भरलेल्या माणसाची. डॉटनेट किंवा जावा असेल तर ऑब्फस्केशन (कोड मुद्दाम दुर्बोध करणं) जरूर करा, नाहीतर डीकंपाइल केल्यावर (बायनरीवरून कोड परत मिळवल्यावर) फंक्शनची नावंसुद्धा जशीच्या तशी दिसतात. पण त्याने वेळ विकत घेता येतो, सुरक्षितता नाही.

एनक्रिप्शनला तुमच्या रचनेत खरी जागा आहे, ती वेगळ्या ठिकाणी. सध्या तुमचा प्रोग्राम ‘परवानगी आहे का?’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारतो, आणि हो-नाही एका बाइटने फिरवता येतं. त्याऐवजी असं करा की लायसन्स नसेल तर चालवायला काही हातातच नसावं. जो मॉड्यूल खरोखर मोलाचा आहे, ज्यासाठी लोक पैसे देतात, तो वेगळ्या फाईलमध्ये काढा आणि एईएस-जीसीएम या एईएसच्या प्रकाराने एनक्रिप्ट करून पाठवा. त्याची किल्ली प्रोग्राममध्ये नको, सही केलेल्या लायसन्समध्ये हवी, आणि तीसुद्धा त्या ग्राहकाच्या मशीनने तयार केलेल्या सार्वजनिक किल्लीने बंद करून. मशीनची खाजगी किल्ली टीपीएम या मदरबोर्डवरच्या, किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये ठेवता आली तर ती कॉपी करून दुसरीकडे नेता येत नाही. इंटरनेट नसेल तर ग्राहक विनंतीची छोटी फाईल पेनड्राइव्हवर आणतो आणि उत्तराची फाईल घेऊन जातो.

यानंतर चाचणी आवृत्ती उतरवणारा कितीही बाइट फिरवो, त्याच्यासमोर अर्थहीन आकडे आहेत. ज्याच्याकडे खरं लायसन्स आहे तो मेमरीतून मॉड्यूल उतरवू शकतोच. पण संशयितांची यादी ‘जगातलं कुणीही’वरून ‘माझे ग्राहक’ इथपर्यंत आली. ती आणखी लहान करायला ग्राहकाचं नाव सही केलेल्या मजकुरातून घेऊन मुख्य खिडकीत आणि प्रत्येक छापील अहवालावर येऊ द्या. स्वतःच्या संस्थेचं नाव असलेली प्रत दुसऱ्याला द्यायला माणूस कचरतो. मला तर हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय वाटतो, तरी त्याचा विचार फार थोडे लोक करतात.

मशीनशी बांधताना हात सैल ठेवा. नेटवर्क कार्डाचा पत्ता डॉक लावला की बदलतो, डिस्क खराब झाली की तिचा क्रमांक जातो, आणि एकाच इमेजवरून (डिस्कच्या तयार प्रतीवरून) उभ्या केलेल्या दहा मशीनचा विंडोजचा ओळख-क्रमांक एकच असू शकतो. चार-पाच खुणा घ्या आणि बहुसंख्य जुळल्या तर पुरे म्हणा. टीपीएममधली किल्ली मदरबोर्डसोबत जाते, म्हणून नवं लायसन्स मागण्याची वाट सोपी आणि बिनखर्चाची ठेवा. घड्याळ मागे फिरवण्यावर शेवटची पाहिलेली तारीख जपून ठेवणं एवढा उपाय पुरतो; त्यापलीकडे जाऊ नका, कारण मदरबोर्डची बॅटरी संपली तरी घड्याळ मागे जातं.

आणि मुदत संपली म्हणून ग्राहकाची माहिती कधीही अडकवू नका. नवीन नोंदी बंद करा, पण जुन्या पाहता याव्यात, छापता याव्यात, बाहेर काढता याव्यात. ती माहिती त्याची आहे. संरक्षणाच्या नावाखाली ग्राहकावरच उलटलं की काय होतं ते २००५मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींनी दाखवलं: कॉपी रोखण्यासाठी त्यांनी लोकांच्या संगणकात फाईल लपवणारा रूटकिट गुपचूप बसवला, व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्याच आडोशाचा फायदा घेतला, आणि शेवटी त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. ज्यांनी चोरून गाणी घेतली त्यांना यातलं काहीच सोसावं लागलं नाही.

तुमच्या जागी मी आधी सही केलेलं लायसन्स आणि अहवालावरचं नाव एवढंच पुढच्या आवृत्तीत आणेन. जनरेटरमुळे होणारं नुकसान त्यानेच थांबेल. पैसे भरलेल्या प्रत्येकाला नवी लायसन्स फाईल आवृत्ती बाहेर पडण्याआधी पोचवा आणि मगच जुने सिरियल नंबर नाकारा. मॉड्यूल वेगळा काढण्याचं काम त्यानंतरचं. तो कोणत्या भाषेत लिहिलाय आणि बाकीच्या कोडमध्ये किती गुंतलाय यावर ते आठवड्याचं आहे की सहा महिन्यांचं हे ठरेल. तेवढं कळवलंत तर तो कुठे कापायचा यावर नेमकं बोलता येईल.