घरी बनवलेल्या कयाकला टिकाऊ रंग कोणता द्यावा?

सहा मिलिमीटर मरीन प्लायवूड, त्यावर फायबरग्लासचे कापड आणि इपॉक्सी (कापडात मुरून कडक होणारी कृत्रिम राळ), अशी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, आपण बनवली आहे. ती खाडीच्या खाऱ्या पाण्यात चालवायची आहे आणि दरवर्षी रंगकाम नको, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते हार्डनर मिसळून लावायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग घ्यावा, तोही उन्हात पिवळा न पडणारा ॲलिफॅटिक प्रकारचा. पाणी अडवण्याचे काम इपॉक्सी करतेच, परंतु तिला ऊन सोसत नाही. उघडी ठेवल्यास ती पिवळी पडते आणि पुढे तिची भुकटी सुटू लागते. म्हणून रंग निवडताना पाण्यापेक्षा उन्हाचा विचार आधी करावा. छटा फिकट असावी, कारण गडद रंग तापतो आणि उष्णतेने इपॉक्सी मऊ पडते.

रंग टिकतो तो मात्र पूर्वतयारीवर. दमट हवेत इपॉक्सी सुकताना तिच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो थिनरने नीट निघत नाही, पाण्याने निघतो. म्हणून आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने सगळा पृष्ठभाग घासून धुवावा. धुतल्यावर पाणी सलग पसरले तर काम झाले. थेंब गोळा होत असतील तर पुन्हा धुवावे. त्यानंतरच १२० नंबरचा पॉलिश पेपर मारावा, चकाकी जाईपर्यंत, पण कापडाचे धागे उघडे पडू देऊ नयेत. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ३२० नंबरने हलकी घासाई आणि शेवटी रंगाचे दोन-तीन पातळ हात.

साधा ऑइल पेंट थेट इपॉक्सीवर लावल्यास तो कधीकधी सुकतच नाही, चिकट राहतो. प्रायमरवर तो चालतो आणि ओरखडा ब्रशने सहज भरता येतो. कयाक जांभ्याच्या खडकांवर, खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर रोज घासणार असेल, तर तळाला तोच रंग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण कालवांच्या धारेपुढे कोणताही रंग टिकत नाही. अँटिफाउलिंगची, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगाची, गरज नाही, कारण कयाक दर वेळी पाण्याबाहेर येते. काजूच्या टरफलांचे तेल लावण्याचा सल्लाही मिळेल. लाकडी होड्यांसाठी ते ठीक आहे, पण त्यावर पुढे कोणताही रंग धरणार नाही.

पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरची हवेतील ओलाव्याशी प्रक्रिया होऊन बुडबुडे येतात, त्यामुळे कोकणात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दव सुकल्यावर सुरू करून दुपारपर्यंत उरकावे. त्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. घरी स्प्रे करू नये. मोकळ्या जागी रोलर वापरावा आणि रसायनांच्या वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लावावा, कापडी मास्कचा उपयोग नाही. रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोपर्यंत कयाक गाडीच्या टपावर पट्ट्यांनी आवळू नये.